वापरायची की देण्याघेण्याची?

परळीच्या बाजारात साडीच्या दुकानात गादीवर बसलं की आधी पाण्याचा ग्लास पुढे येतो आणि पाठोपाठ प्रश्न येतो: "ताई, वापरायची पाहिजे का देण्याघेण्याची?" रंग, काठ, किंमत हे सगळं नंतर. कोणत्या फळीवरचा गठ्ठा खाली ओढायचा ते या एका उत्तरावर ठरतं. बायकांच्या कपड्यांबद्दल एवढा नेमका प्रश्न मी कोणत्याही पुरवणीत किंवा मासिकात वाचलेला नाही.

दसरा जवळ आला की शरदातल्या फॅशनचे लेख येऊ लागतात. थरावर थर घाला, मोहरीचा आणि गंजाचा रंग निवडा, लांब कोट, उंच बूट. त्याला जोड म्हणून 'सामान्य स्त्रीला रोज वापरता येईल असं' अशी एक चौकट असते. या लेखनामागे दोन समजुती आहेत. एक, फॅशन वरून खाली झिरपते: पॅरिसहून मुंबईला, मुंबईहून पुण्याला, मग संभाजीनगरला आणि दोन वर्षांनी परळीला. दुसरी, 'वापरण्याजोगं' म्हणजे खऱ्या फॅशनमध्ये पाणी घालून केलेली स्वस्त आवृत्ती. या समजुती आपल्या गावातल्या शिकलेल्या माणसांनीही मनोमन मान्य केल्या आहेत. "आपल्याकडे कुठली आली फॅशन" हे वाक्य त्यातूनच येतं.

दोन्ही समजुती उथळ आहेत. सामान्य बाईच्या कपड्याचं वळण तिच्या दिवसावरून पडतं: ती काम काय करते, घरात पाणी किती दिवसांनी येतं, पैसा कुणाच्या हातात असतो आणि काय घालायची तिला मुभा आहे. या चार गोष्टींशी झगडताना आमच्या भागातल्या बायकांनी पेहरावाची मोठी अक्कल कमावली आहे. तिला आपण फॅशन म्हणत नाही, म्हणून ती कुणी निरखून पाहत नाही. आणि पाहत नाही म्हणून तिच्यासाठी कुणी कापड बेतत नाही. या शेवटच्या गोष्टीसाठी मी हा लेख लिहिते आहे.

१. शरद कुणाचा

न्यूयॉर्क, लंडन, मिलान आणि पॅरिस इथे शरद-हिवाळ्याच्या कपड्यांची प्रदर्शनं फेब्रुवारी-मार्चमध्ये होतात. मालाची मागणी नोंदवायला आणि कारखान्यातून माल निघायला पुढचे सहा महिने लागतात. तिथल्या शरदाची चाल सरळ आहे. आज गार, उद्या आणखी गार. म्हणून थर चढवत न्यायचे. रंगही झडणाऱ्या पानांचे.

आपली पानगळ शिशिरातली, माघ-फाल्गुनातली. आश्विनात बालाघाटाच्या उतारावर गवत नुकतं पिवळं पडत असतं, सोयाबीन काढणीला आलेलं असतं, कपाशीची बोंडं फुटायला लागलेली असतात आणि बांधाबांधावर झेंडू असतो. मान्सून मागे फिरतो, आभाळ मोकळं होतं, जमिनीत ओल असते आणि वरून ऊन तापतं. हीच आपली 'ऑक्टोबर हीट'. त्यातच एखाद्या संध्याकाळी परतीचा पाऊस गाठतो. दिवाळीपर्यंत पहाटेला गारठा येतो. काकड्याला जाणारी बाई कानाला पदर गुंडाळून निघते आणि दुपारी तीच बाई घामाने निथळत असते.

म्हणजे इथे थर चढवत नेण्याचा ऋतूच नाही. इथे थर सकाळी नऊला काढता आला पाहिजे आणि संध्याकाळी सातला परत घेता आला पाहिजे. शिवलेला, अंगाबरोबरचा कपडा याला कामाचा नाही, सुटं कापडच लागतं. पदर हे काम शतकानुशतकं करत आला आहे: पहाटे कानाला, दुपारी डोक्यावर, धुळीत नाकावर, चुलीवरचं भांडं उतरवताना हातात. ओढणीने त्यातलं अर्धं काम उचललं, स्कार्फने उरलेलं.

परळीत ऋतूचा आणखी एक घटक आहे, राख. सत्तरच्या दशकापासून इथे औष्णिक वीज केंद्र आहे आणि कोळसा जळला की राख उरतेच. पावसाळ्यात ती दबलेली असते, पाऊस उघडला की रस्त्यारस्त्याने उडायला लागते. आश्विनातल्या दुपारी गच्चीवरच्या दोरीवर वाळलेल्या पांढऱ्या परकरावरून बोट फिरवून पाहावं, बोटाचं टोक करडं होतं. स्कूटीवरून कॉलेजला जाणाऱ्या मुली तोंडाभोवती स्कार्फ घट्ट बांधतात, फक्त डोळे दिसतात. त्याला कुणी पुण्याची नक्कल म्हणतात, कुणी तोंड लपवणं म्हणतात. पद्धत पुण्यात आधी दिसली असेल. पण परळीत ती टिकली ती ऊन, धूळ आणि राख या तिन्हींवर एका कापडात इलाज सापडला म्हणून.

२. फडातला शर्ट

दिवाळी झाली की, काही वेळा तिच्या आधीच, बीड जिल्ह्यातून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात. लाखांनी माणसं जातात आणि त्यात जवळजवळ निम्म्या बायका. या बायकांचा फडातला वेश नीट पाहावा. साडी गुडघ्याच्या खाली पोटरीपर्यंत वर घेऊन खोचलेली. डोक्याला टॉवेल किंवा रुमाल, मोळी उचलायची वेळ आली की त्यावर चुंबळ. आणि साडीवरून, ब्लाउजवरून, पुरुषाचा पूर्ण बाह्यांचा शर्ट.

हा शर्ट का आला? उसाच्या पानाची कड पात्यासारखी असते, ओढताना दंडावर ओरखडे उठतात. कांड्यावरच्या पानांच्या देठाला बारीक कूस असते, ती कातडीत शिरली की दिवसभर खाजते. ब्लाउजची बाही कोपराच्या वर संपते. पदर खोचला की पाठ आणि कंबर उघडी पडते. म्हणजे साडी-ब्लाउजने जिथे जिथे अंग उघडं सोडलं तिथे तिथे शर्टाने ते झाकलं. कॉलर वर केली की मानेत पाचट जात नाही. दुपारी ऊन लागलं की हाच शर्ट सावली, पहाटे मोळ्या भरताना हाच स्वेटर. सोयाबीनच्या काढणीला, कापसाच्या वेचणीला, तुरीच्या रानातही तो दिसतो. कोणत्या डिझायनरने तो बेतला नाही, कोणत्या जाहिरातीने तो विकला नाही, तरी मराठवाड्यापासून विदर्भ-खानदेशापर्यंत रानात राबणाऱ्या बाईचा तो गणवेश झाला. एखादी गोष्ट कुणी न सांगता इतक्या लोकांनी उचलली आणि प्रत्येकीने स्वतःपुरती थोडी बदलली, तर फॅशन या शब्दाचा दुसरा अर्थ काय असतो?

या शर्टाकडे आता जवळून पाहू. तो नवऱ्याचा असतो, नाहीतर मुलाचा, आणि जुना असतो. टेरिकॉटचा, कोपरावर विरलेला. खांद्याची शिवण दंडावर उतरलेली असते, कारण तो रुंद खांद्यासाठी कापलेला आहे. बाही बोटांवर येते म्हणून कफ दोनदा दुमडलेला, आणि त्या दुमडीत पाचटाचा चुरा साठतो. छातीवर बटणं ताणतात, खाली घेर कमी पडतो, म्हणून शेवटची दोन बटणं उघडी असतात आणि नेमकं पोट उघडं राहतं. डाव्या छातीवर एक खिसा असतो. त्यात दहा-वीसच्या नोटा, मिश्रीची डबी, असला तर मोबाईल. अंगावरच्या सगळ्या कपड्यांत तेवढा एकच खिसा.

तिच्यासाठी नवा, तिच्या मापाचा शर्ट का शिवला जात नाही? ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक 'कोयता' मोजला जातो. उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, कोयत्याला मिळते आणि मुकादमाच्या वहीत ती पुरुषाच्या नावावर चढते. मजुरीचा हिशेब जोडीचा. तिच्या कामाची वेगळी नोंद नाही, म्हणून तिच्या कामाच्या कपड्याचीही नाही. तिने शर्टाची युक्ती काढली, पण तिच्या मापाचा शर्ट मागायला तिच्या हातात रक्कमच आली नाही.

हे फक्त बाहीपुरतं नाही. २०१९ मध्ये विधान परिषदेच्या उपसभापती नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीपुढे बीड जिल्ह्याचं सर्वेक्षण आलं. ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशयं काढलेली होती. त्याची कारणं अनेक आहेत, डॉक्टरांपासून मुकादमापर्यंत पोहोचणारी आहेत, आणि ती कपड्याच्या लेखात मावणार नाहीत. पण पाळीच्या दिवसांत काय घ्यायचं, कुठे बदलायचं, कुठे धुवायचं, कुठे वाळत घालायचं, हे प्रश्न त्या कारणांच्या आतले आहेत आणि ते कापडाचेच प्रश्न आहेत. रोजच्या पेहरावाची चर्चा जिथे बाईच्या शरीरापर्यंत पोहोचत नाही, तिथे ती चर्चा सुरूच झालेली नसते.

३. वेचायचा कापूस, नेसायचं पॉलिस्टर

आमच्याकडे आलेले पाहुणे एक हळहळ हमखास व्यक्त करतात: कापूस पिकवणाऱ्या मुलखात बायका सुरतच्या सिंथेटिक साड्या नेसतात, सुती का नेसत नाहीत? आरोग्याला सुती बरं, दिसायला भारदस्त, शिवाय आपलं. हळहळ मनापासूनची असते, तरी ती अपुऱ्या माहितीवर उभी आहे.

सुती कापड हवेतला ओलावाच आपल्या वजनाच्या आठ टक्क्यांच्या आसपास धरून ठेवतं, पॉलिस्टर अर्धा टक्कासुद्धा नाही. या आकड्याचा घरातला अर्थ असा: सुती साडी पाणी पिते, जड होते, दोन हातांनी पिळावी लागते, उशिरा वाळते, खळ आणि इस्त्री मागते. सिंथेटिक साडी बादलीभर पाण्यात निघते आणि तासाभरात वाळते. आता हे परळीला लावून पाहा. २०१५ मध्ये खडक्याच्या धरणात पाणी उरलं नाही म्हणून इथलं वीज केंद्र बंद ठेवावं लागलं. पुढच्या वर्षी शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं. ज्या घरात नळाची वाट आठवडाभर पाहतात, त्या घरात साडी निवडताना धुण्याच्या पाण्याचा हिशेब आधी होतो. त्या बाईला सुतीचं मोल कळत नाही असं म्हणणाऱ्याने एक उन्हाळा तिच्या मोरीत धुणं धुवावं.

तिने सुती टाकूनही दिलेलं नाही. ब्लाउज पाहा. रोजच्या ब्लाउजला ती टू बाय टू किंवा रुबिया मागते, परकराला पॉपलीन. म्हणजे अंगाला लागून सुती आणि वरून सिंथेटिक. घाम शोषणारं आत, धूळ झटकणारं आणि लवकर वाळणारं बाहेर. परदेशी मासिकं ज्याला 'लेअरिंग' म्हणून शिकवतात ते हेच आहे आणि आमच्या आयाबाया ते पाण्याच्या टंचाईतून शिकल्या आहेत. यातला धोकाही लपवत नाही. सिंथेटिक पदर चुलीजवळ पेट घेतो आणि वितळून अंगाला चिकटतो, ऑक्टोबरच्या घामात कमरेला पुरळ उठतं. म्हणून मिश्र कापडाच्या, रोज वापरायच्या चांगल्या साड्या या भागात जास्त यायला हव्यात. ते काम गिरण्यांचं आणि मागांचं आहे, तिचं नाही.

रंगाच्या बाबतीतही तिचा शब्द ठरलेला आहे: मळखाऊ. मळखाऊ रंग म्हणजे कळकट रंग नव्हे. गडद जमिनीवर बारीक फुलांची दाट नक्षी, ज्यावर हळदीचा, तेलाचा, राखेचा डाग पटकन उठून दिसत नाही. त्या नक्षीतही ती तासभर घासाघीस करून हवं ते फूल शोधते.

४. ओचा गेला, खिसा आला नाही

नऊवारीला ओचा होता. कमरेला पुढे खोचलेल्या निऱ्यांची ती झोळी. त्यात भाजी यायची, शेंगा यायच्या, लेकराला खाऊ यायचा, कनवटीला पैसे असायचे. कासोट्यामुळे पाय मोकळे असायचे. विसाव्या शतकात शहरांतून, शाळांतून, नोकऱ्यांतून पाचवारी गोल साडी आली. ती नेसायला सोपी, कापडाला कमी आणि बसमध्ये चढायला सभ्य मानलेली. तिने दोन गोष्टी काढून घेतल्या: पायांची मोकळीक आणि ओचा. त्या बदल्यात खिसा काही मिळाला नाही. मग पैसे ब्लाउजमध्ये गेले. आता मोबाईलही तिथेच जातो, घामाने भिजतो, वाकलं की पडतो.

पंजाबी ड्रेस आला, कुर्ती-लेगिंग आली, गाऊन आला. प्रत्येक वेळी वेष बदलला आणि प्रत्येक वेळी खिसा राहून गेला. पुरुषाच्या शर्टाला, पँटला, बंडीला, पायजम्याला खिसा आहे. बाईच्या कपड्याला नाही, कारण ती पैसे घेऊन बाहेर निघेल हे बेतणाऱ्याच्या मनातच आलं नाही. आता तर २०२४ पासून लाडकी बहीण योजनेचे महिन्याला १५०० रुपये बाईच्या स्वतःच्या खात्यात येतात. बँकेतून ती ते काढते आणि रुमालात गाठ मारून ब्लाउजमध्ये ठेवते.

परकराच्या नाडीचंही असंच. २०२४ मध्ये वर्ध्याच्या आणि बिहारच्या डॉक्टरांनी 'बीएमजे केस रिपोर्ट्स' या नियतकालिकात सत्तरीच्या आसपासच्या दोन बायकांची नोंद दिली. वर्षानुवर्षं कमरेला घट्ट बांधल्याने कातडीला जखम झाली, ती भरली नाही आणि त्यातून त्वचेचा कर्करोग झाला. एकीचा परकर घट्ट होता, दुसरीचं लुगडंच घट्ट कसलेलं. असे रुग्ण थोडेच. पण कमरेवरचा काळा वळ, खाज, सोललेली कातडी हे इतकं नेहमीचं आहे की आपल्याकडे त्याला दुखणं म्हणतच नाहीत. उपाय डॉक्टरांनीच सांगितला आहे: परकर सैल बांधा, बारीक नाडीऐवजी रुंद पट्टा वापरा. दोन इंच रुंद पट्टा लावायला किती कापड लागतं?

५. पेटीतल्या साड्या

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे येते. देण्याघेण्याची साडी म्हणजे नेमकी कोणती? लग्नात आहेर, डोहाळजेवणाला ओटी, वास्तुशांतीला मान, भाऊबीजेला ओवाळणी. ती चमकदार असते, घडीत सुंदर दिसते, घडी मोडल्यावर अंगावर राहत नाही. तिला फॉल-पिको नसतो. ती नेसायची तर ब्लाउज शिवावा लागतो आणि शिलाई कधी कधी साडीच्याच किमतीला जाते. म्हणून ती पेटीत जाते आणि पुढच्या कार्यात दुसऱ्या घरी जाते. काही साड्या अशा चार-पाच घरं फिरून येतात, घडी न मोडता. पेटी भरलेली आणि रोज नेसायला तीन, ही अवस्था गरीब घरात आहे तशी बऱ्यापैकी सुखवस्तू घरातही आहे.

नातं जपण्यासाठी साडी देणं ही आपली चांगली रीत आहे. ती मोडावी असं मी म्हणत नाही. पण तिचा एक परिणाम लक्षात घ्यावा. बाईच्या मालकीच्या कपड्यांतले बहुतेक कपडे तिने निवडलेलेच नसतात. भावाने, जावेने, विहिणीने, व्याह्यांनी ते निवडले आणि निवडताना त्यांनी तिचा दिवस डोळ्यांसमोर ठेवला नाही, कार्यातला मान डोळ्यांसमोर ठेवला. 'बायकांना कपड्यांचा फार सोस' हे वाक्य ऐकलं की मला म्हणूनच राग येतो. सोस असायला आधी निवड हातात असावी लागते.

६. नऊ रंगांबद्दल थोडं

शरदातली एक फॅशन मात्र परळीपर्यंत खरोखर बाहेरून आली, आणि तीही पॅरिसहून नव्हे. नवरात्रातले नऊ रंग या शतकाच्या सुरुवातीच्या वर्षांत 'महाराष्ट्र टाइम्स' या दैनिकाने रुजवले. रंग वारांवरून ठरतात: सोमवारी पांढरा, मंगळवारी लाल, बुधवारी निळा. त्याला शास्त्राचा आधार नाही हे खरं. बाजाराने ही प्रथा उचलून धरली हेही खरं. त्यावरून बायका मेंढरांसारख्या मागे जातात अशी टीका दरवर्षी होते.

मी जे पाहिलं ते वेगळं आहे. घटस्थापनेच्या आधी बाई पेटी उघडते आणि मोजते: कोणते रंग आहेत, कोणते नाहीत. नसलेला रंग जावेकडून, शेजारणीकडून येतो. घडी न मोडलेली देण्याघेण्याची साडी या नऊ दिवसांत पहिल्यांदा अंगावर येते. आणि एक फार मोठी गोष्ट यात घडते, जिच्याबद्दल कुणी बोलत नाही. आजवर सणाचा रंग सवाष्णीचा असायचा. हिरवी साडी, हिरवा चुडा ही तिची मिरास, विधवेची नव्हे. २०२२ च्या मे महिन्यात कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने विधवांच्या बाबतीतल्या प्रथा थांबवण्याचा ठराव केला तेव्हा राज्यभर चर्चा झाली. वारावरून ठरणारा रंग मात्र नवरा आहे का, हे विचारत नाही. शाळेत, बँकेत, पंचायत समितीत शुक्रवारी सगळ्या हिरव्यात उभ्या राहतात तेव्हा त्यात नवरा गेलेलीही हिरव्यात उभी असते आणि तिला त्यासाठी कुणाची परवानगी मागावी लागत नाही. रंगांची यादी छापणाऱ्यांच्या मनात हे नसावं. बायकांनी ती यादी अशी वापरली.

७. आक्षेप

पहिला आक्षेप गंभीर आहे. नवऱ्याचा फाटका शर्ट घालणं ही लाचारी आहे, तिला फॅशन म्हणून गोंजारू नका. यातलं निम्मं मला मान्य आहे. फाटका, मोठ्या मापाचा, उरलेला शर्ट ही लाचारीच. पण शर्ट घालायचं सुचणं ही लाचारी नाही, ती अक्कल आहे. दोन्ही एकाच अंगावर असतात म्हणून एकाला दुसऱ्याच्या नावाने हाक मारायची नसते. पूर्वी दोन विरलेल्या लुगड्यांचे धड भाग जोडून दंड घालत, जुन्या साड्यांची वाकळ शिवत. ते गरिबीतून आलं. म्हणून वाकळीतली रंगांची जुळणी बेतणाऱ्या बाईची नाही का? गरिबीचं कौतुक करू नये, पण गरिबाच्या डोक्याचं श्रेय गरिबीला देऊ नये.

दुसरा आक्षेप: सगळं उपयोगावर मोजलं तर तिच्या वाट्याला सौंदर्य उरणार का? हा प्रश्न उपयोग आणि सौंदर्य यांना दोन कपाटांत ठेवतो. खणाचं उदाहरण घ्या. गुळेदगुड्डचा खण इथल्या आजीच्या चोळीला असायचा. घट्ट विणीचा, टिकाऊ, घामाला पुरून उरणारा. म्हणून तो रोजचा होता आणि म्हणूनच त्याचे काठ डोळ्यात भरायचे. गेल्या काही वर्षांत खणाच्या साड्या, खणाचे ड्रेस, खणाच्या पर्सा यांची मोठी लाट आली, पुण्या-मुंबईहून परत आमच्याकडे आली. त्यात पुष्कळ माल खणाचा छाप मारलेला पॉलिस्टर आहे. नक्षी वर गेली, वीण खाली राहिली. फॅशन वरून खाली येते म्हणणाऱ्यांनी खणाचा हा प्रवास उलटा वाचून पाहावा.

तिसरा आक्षेप तरुण मुलींचा आहे आणि त्या तो सौम्यपणे विचारत नाहीत. तुम्ही साडीवरच बोलताय, आम्ही साडी नेसतो कुठे? त्यांचं बरोबर आहे. पण कुर्ती-लेगिंगलाही हेच प्रश्न लागू आहेत: खिसा, वाळायला लागणारा वेळ, मुभा. मुभा हा त्यातला सगळ्यात कठीण. गाऊन रात्रीचा कपडा म्हणून आला आणि घरातल्या दिवसाचा झाला, कारण तो सैल आहे आणि नाडी कसत नाही. तरी दारापर्यंत जायचं तर बाई वरून ओढणी घेते. मार्च २०२४ मध्ये शालेय शिक्षण विभागाने शिक्षकांच्या पेहरावाबद्दल सूचना काढल्या. शिक्षिकांनी साडी किंवा सलवार-कुर्ता-ओढणी घालावी, जीन्स आणि टी-शर्ट घालू नये. बाईच्या कपड्यावर कुणी बोलायला लागलं की चर्चा काय घालू नये इथून सुरू होते. ज्या बाईला दिवसभर उभं राहून फळ्यावर लिहायचं आहे, तिला काय घालून बरं वाटेल, हा प्रश्न त्यात येत नाही.

८. शिवायचं काय

माझ्या डोळ्यांसमोर तीन कपडे आहेत. तिन्ही परळीत शिवता येतील.

पहिला परकर: पॉपलीनचा, दोन-अडीच इंच रुंद पट्ट्याचा, बाजूला बटण किंवा हूक, आणि उजव्या कुशीला आतल्या बाजूने चेन लावलेला खिसा, ज्यात मोबाईल आडवा मावेल.

दुसरी कुर्ती: दोन्ही बाजूंना खोल खिसे, गडद जमिनीवर दाट नक्षी, मिश्र कापड. बाही कोपराच्या खाली, पण वर दुमडून बटणाने अडकवता येईल अशी.

तिसरा शर्ट, आणि त्यासाठी मी सगळ्यात जास्त आग्रही आहे. बाईच्या खांद्याच्या मापाचा. काखेत चौकोनी तुकडा घातलेला, म्हणजे कोयता उगारताना शिवण उसवणार नाही. उभी कॉलर. मनगटाला दुमडीच्या कफाऐवजी साधा इलास्टिक, म्हणजे पाचट आत जाणार नाही. खाली साडीच्या निऱ्या सामावतील एवढा घेर आणि पोट झाकेल एवढी लांबी. दोन खिसे, दोन्हींना झाकण. कापड जाड सुती किंवा सुतीचा भाग जास्त असलेलं मिश्र. साखर कारखाने दरवर्षी गाळपाची तयारी करताना यंत्रांची डागडुजी करतात, त्याच तयारीत हा शर्टही धरावा. गोपीनाथराव मुंडे यांच्या नावाचं ऊसतोड कामगार कल्याण महामंडळ राज्य सरकारने उभं केलं आहे. उचल देताना कारखान्यांनी आणि या महामंडळाने मिळून प्रत्येक बाईमागे असे दोन शर्ट द्यावेत, आणि ते कोयत्याच्या हिशेबात धरू नयेत. तिच्या नावाने द्यावेत, तिचं माप घेऊन.

दसऱ्यापासून पाडव्यापर्यंत वीस-एकवीस दिवस मिळतात. या दिवसांत परळीतल्या प्रत्येक शिवणयंत्रापुढे भाऊबीजेच्या ब्लाउजांचा ढीग असतो, आणि ती यंत्रं बहुतेक बायकाच चालवतात. त्यांना खिशाचं माप समजावून सांगावं लागणार नाही. त्यांच्याही नोटा ब्लाउजमध्येच असतात.